पट्टीच्या साखळीची मुरड

साखळीला मुरड पडली की बायका आधी ती ओढून बघतात आणि मग माझ्याकडं येतात. आधीच आल्या तर माझं काम निम्मं होईल, पण मग त्यांना रडायला काही उरणार नाही.

गोल कड्यांची साखळी सोशीक असते. पट्टीची तशी नाही. ती सापाच्या पाठीसारखी चपटी, कड्या इतक्या दाट की भर उन्हातही एक एक वेगळी दिसू नये. एकदा दुमडली की दुमडलेलीच राहते. सोनार डाग देतो, मग ती जागा काडीसारखी ताठ होते. शिवाय सोनार सुप्याला, आणि सुप्याची गाडी आमच्या कुंभारवाड्याला तिला वाटेल तेव्हा येते. म्हणून माझी ओसरी.

मला कुणी शिकवलं नाही. आईची चांदीची पट्टी दोनदा तोडली, तिसऱ्यांदा कळलं. रिठ्याच्या कोमट पाण्यात साखळी तासभर ठेवायची. फणसाच्या फळीवर जुन्या लुगड्याची घडी, तिच्यावर साखळी पालथी. मुरडीत खोबरेलाचा थेंब. मग तान्ह्या बाळाचं पोट चोळावं तसं अंगठ्यानं दोन्हीकडून मुरडीपर्यंत यायचं. अडलेली कडी सुईच्या टोकानं उचलायची, शेवटी वरून लाटणं. ओढायची मात्र कधीच नाही. ओढलं की संपलं.

आणि एक नेम. मुरड कशी पडली ते सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही. पोरानं ओढली असेल तर कड्या लांबतात, झोपेत अंगाखाली आली असेल तर पिळतात, पेटीच्या झाकणात सापडली असेल तर चेंगरतात. मुरड ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत घालवावी लागते. बायका लाजतात, पण खरं सांगतात. शेजारच्या फुलानं सांगितलं, नवऱ्यानं गळा धरला तेव्हा पडली. तिच्या साखळीला मी दोन दिवस घेतले आणि नवऱ्याला तिच्याच हाती चार शब्द पाठवले.

काम होईस्तोवर साखळीची मालकीण समोर बसून राहते. कुणीही साखळी ठेवून जात नाही. मी पाणी प्यायला आत गेले तरी मागून मान लांब होते. कारण मी केशर, थोरल्या जावेची साखळी चोरलेली.

थोरली जाऊ म्हणजे पुतळीअक्का. गुंदला, सासरच्या गावी, आमचं एकच घर होतं, एकच चूल. बारा वर्षांमागं सगळं घर गाडी जुंपून उळवीच्या जत्रेला गेलं. मी तेव्हा बाहेरची होते, मला कुणी शिवायचं नव्हतं, म्हणून मी मागं राहिले. चौथ्या दिवशी माणसं परतली आणि अक्काची सोन्याची पट्टी घरात नव्हती. घरात मी होते. तेवढं पुरलं. माझी पेटी अंगणात उपडी केली, माझी वाकळ उसवली. महिन्याभरात नवरा परशू आणि मी दोन भांडी घेऊन इकडं आलो. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "घेतली न्हाईस न्हवं?"

एकदाच. पुढं सहा वर्षांनी तापानं गेला, तोवर पुन्हा तोंडातून काढलं नाही. पण त्या एका विचारण्याबद्दल मी अक्काला रोज चूल पेटवताना एक शिवी देते. चूल चांगली पेटते.

गोवा सुटलं त्याच्या पुढच्या वर्षी, शिमगा झाल्यावर, ओसरीपुढं एक तरणी पोर येऊन उभी राहिली. लग्नाचं बोलावणं देत फिरणाऱ्या बायकांबरोबर आलेली.

"काकी, वळखलीस काय गे?"

नाक माझ्या दिराचं, येसाजीचं. अक्काची चंद्रा. पाच वर्षांची होती तेव्हा माझ्या कुशीत निजायची आणि रात्रभर लाथा मारायची.

"लाथ मारून दाव, मग वळखते," मी म्हटलं. ती हसली.

लग्न तिचंच होतं, खानापूरकडच्या घरात, आठ दिवसांवर. "आईनं पेटीतनं साखळी काढली, तर सगळी चुरगळलेली. मामा सुप्याला न्हेणार हुता, त्यो आजारी पडला. मी म्हटलं, काकी हाय की."

"आईला सांगून आलीस?"

"न्हाई. तुझं नाव काढलं की ती उठून भांडी घासाय लागती."

तिनं फडकं सोडलं. साखळीच्या फाशाला, म्हणजे मानेवर अडकवायच्या जागी, मासा होता, अर्धी शेपटी तुटलेला. चार वर्षं चुलीपुढं वाकलेल्या मानेवर तो मासा मी रोज बघितला होता. हीच ती चोरीला गेलेली पट्टी.

मग मुरडी बघितल्या. ओढलेल्या नव्हत्या, पिळलेल्या नव्हत्या, चेंगरलेल्याही नव्हत्या. ठेचलेल्या होत्या. आणि दोन कड्यांच्या मधे भाताचं एक तूस रुतून बसलेलं, लांब तांबड्या कुसळाचं. तसलं भात गुंदला आमच्याच शेतात होत होतं.

आमच्याकडं बियाण्याचं भात मुडीत ठेवतात. पेंढ्यात भात घालायचं, वरून दोर आवळायचा आणि लाकडी बडवणीनं बडवून बडवून भोपळ्यासारखी गोल मुडी करायची. ती पेरणीच्या दिवसाआधी कुणीही सोडत नाही, घरावर दरवडा पडला तरी.

मला सगळं कळलं.  

साखळी मी तशीच, कुसळासकट, चंद्राच्या पदरात परत बांधली. "आईला धाड. जिच्या गळ्यातली तिनंच सांगायचं, हितला नेम हाय."

तिसऱ्या दिवशी पुतळीअक्का आली. केस पिकलेले, चाल तीच. ओसरीवर फुला होती आणि आपल्या साखळीसाठी आलेली लाडू नावाची बाई होती. दोघी सरकून बसल्या, जागा झाली, पण अक्का उभीच.

"बस की अक्का."

"बसाय येळ न्हाई. मांडव पडायचा हाय. लौकर काय ते कर."

"मुरड कशी पडली?"

"पोरानं वढली."

लाडूला गप्प बसता येत नाही. "अक्का, तुझी तर चोरीला गेल्ती न्हवं?"

"ती येगळी. ही माहेरची."

"बरं," मी म्हटलं. साखळीचं एक टोक खुंटीला अडकवलं, दुसरं बोटाला गुंडाळलं. "पोरानं वढलेली मुरड वढूनच निघती."

फुला आणि लाडूनं मला इतक्या वर्षांत कधी साखळी ओढताना बघितलं नव्हतं. फुलाचं तोंड उघडलं. मी तिच्याकडं असं बघितलं की ते मिटलं.

"वढू?"

"हळू वढ."

"हळू वढून न्हाई निघत अक्का. हिसडा द्याय लागतो." साखळी ताठ झाली. "तुझं तू सांग. पोरानं वढली न्हवं? वढू?"

अक्काच्या कपाळावर घाम आला. आठ दिवसांवर आलेलं लग्न आता पाचावर होतं, आणि पोरीच्या गळ्यात घालायला तेवढंच सोनं होतं. मी बोट एक तसूभर मागं घेतलं.

"वढू नगो गे! तुटंल!" ती किंचाळली. "वढलेली न्हाई ती. बडवलेली हाय."

"कुठं?"

"मुडीत."

 मी टोक सैल सोडलं, पण खुंटीवरून काढलं नाही.

ती बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जत्रेला निघताना मला भिऊन तिनं साखळी खायच्या भाताच्या उघड्या मुडीत खुपसली. बियाण्याला एक मुडी कमी पडत होती, म्हणून येसाजीनं त्याच पहाटे ती बांधली, बडवली, माळ्यावर रांगेत लावली आणि तिच्या जागी दुसरी उघडून ठेवली. अक्का परत येऊन त्या दुसऱ्या मुडीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

"मग गावली कवा?"

"पेरणीला. मिरगात."

"मी फाल्गुनात गेले. मिरगात परशू जिता हुता, अक्का. पुढं सहा वर्सं जिता हुता."

"कुठल्या तोंडानं सांगणार हुते गे?"

"ह्याच. आत्ता सांगितलंस त्याच."

खुंटीशेजारी परशूचा कोयता टांगलेला होता. त्यानं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. कोयत्याला कान नसतात.

चुकून घेतलेल्या आळाचा मला राग नव्हता. जावेवर कोण आळ घेत नाही? मिरगापासून ती गप्प बसली, त्याचा होता. म्हणून मी रिठ्याचं पाणी आणलं, फळी मांडली, सुई ठेवली आणि अक्काला म्हटलं, "तू घातलीस, तू काढ. मी दावते."

"मी?"

"न्हाईतर सुपं हाय की."

दोन दिवस पुतळीअक्का माझ्या ओसरीवर वाकून बसली. मी शेजारी बसून तांदूळ निवडले. वाटेनं जाणारी प्रत्येक बाई थांबायची. मी सगळ्यांना तेच म्हणायची, "मुरड कशी पडली ते अक्काला इचारा. नेम हाय." पहिल्या दिवशी तिनं ते पुटपुटत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला पाठ झालं होतं. तिच्या अंगठ्याला फोड आले. मी खोबरेल लावलं, कारण फोड फुटला की साखळी डागाळते.

शेवटची मुरड माशाजवळची, कुसळ होतं तिथली. ती मी काढली. दया आली म्हणून नव्हे. तिच्या थकल्या हातानं ती तुटली असती आणि पुढची बारा वर्षं तिनं केशरनं तोडली म्हणून सांगितलं असतं. कुसळ मी माझ्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवलं. साखळी पाण्यासारखी सरळ झाली. ती चंद्राच्या गळ्यात मीच घालणार, हेही मी अक्काला सांगून टाकलं. ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अक्का साखळी घेऊन ओसरी उतरली आणि वाटेला लागली. एवढ्यात लाडूनं दोन दिवस खोळंबलेली आपली साखळी गळ्यातून काढली, फळीवर टाकली आणि घागर उचलली.

"बस की, आत्ता घेते," मी म्हटलं.

"मला कशाला बसवतीस? अंगाखाली आल्ती, झोपेत. सांजच्याला न्हेते." आणि ओढ्याकडं चालायला लागली. मान वळवली नाही.

बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या फळीवर दुसऱ्याची साखळी एकटी पडली होती. मी तिला लगेच हात लावला नाही. आधी वाटेकडं बघितलं, वळणावर पुतळीअक्का मागं वळते का ते.

वळली. फळीवरची साखळी तिनं बघितली, आणि तिचं बघून होईस्तोवर मी नजरेनंच तिला धरून ठेवलं, पुढं जाऊ दिलं नाही.