मधल्या कप्प्यातलं इंजेक्शन

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, आणि एका माणसाचं अख्खं आयुष्य माझ्या पोटात सांभाळून ठेवलेलं होतं. शेजारी परवाचा भात होता.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. या घरात आलो, तर शेजारपाजारचे खास मला बघायला यायचे. पुढे दाराचं रबर सैल पडलं, रंग उडाला, आणि घरात काहीही नासलं की खापर माझ्याच माथी फुटू लागलं.

घरातली ताई शिवणाच्या दुकानात कापड बेतायची. एकदा तिचा डोळा धुरकटला, मग पाय बधिर झाला. मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीराचे पहारेकरीच नसांवरचं आवरण कुरतडतात. मधे बरं वाटतं, की पुन्हा झटका. त्या पहारेकऱ्यांना आवरायला डॉक्टरांनी महिन्याला एक इंजेक्शन लिहून दिलं, घरीच स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचं. मोनोक्लोनल अँटिबॉडी असं त्याचं भारदस्त नाव. झटके थांबले तरच हात शाबूत, आणि हात शाबूत तरच कात्री.

ताई पेटी मधल्या कप्प्यात ठेवायची. औषध गार हवं, पण गोठता कामा नये, हे तिने आईला बजावलं होतं. आईने त्यातलं 'गार' तेवढं ऐकलं.

आईचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ताई कामाला गेली की ती पेटी वर, बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या पिशवीमागे सरकवायची. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी पुन्हा खाली. स्वयंपाकघर तिचं, त्यामुळे माझ्या दाराला सहसा दुसरं कुणी हात लावत नसे. गोठून वितळलेलं औषध दिसायला तसंच नितळ, पण निकामी. मी घरघरण्यापलीकडे काय करणार?

मग झटका ताईच्या उजव्या हाताला आला. कात्री सुटली. औषध लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात भावाचा पाय मुरगळला आणि बर्फ काढताना पेटी त्याच्या हाती लागली. त्याने ती ताईसमोर ठेवली.

"आई, हे वर कुणी ठेवलं?" ताईने विचारलं.

"मीच. खालचा कप्पा नावालाच गार. वाटाणे बघ, वर कसे जसेच्या तसे राहतात."

"दर महिन्याला ठेवायचीस?"

"अगं, एकदाही विसरले नाही."

भावाने माझ्या मधल्या कप्प्यात थर्मामीटर ठेवून पाहिला. मी हवा तेवढाच गार होतो. त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर थोडा भरवसा ठेवा. आणि कुणाची काळजी घ्यायची असेल, तर आधी त्याचं म्हणणं पूर्ण ऐका. एवढंच माझं मागणं.

नवी पेटी मधल्या कप्प्यातच असते. ताईचा उजवा हात काही सुधारला नाही. इंजेक्शन आता आई देते.