बिटाचं पाणी

चाटू हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण लहानपणी त्याने घरातली एकही बरणी, एकही झाकण चाटल्याशिवाय सोडलं नाही. एकदा तर दाराचं कुलूपही चाटलं आणि "हे रक्तासारखं लागतं" असं पाहुण्यांसमोर जाहीर केलं. तेव्हा थोरल्या बहिणीने त्याला चाटू म्हटलं, आणि ते नाव त्याला डिंकासारखं चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच जिभेने त्याला पोटाला लावलं, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता दोघं एकाच हॉटेलात होती. ताई स्वयंपाकघर सांभाळायची, चाटू तळघर. फ्रान्सहून वाइनच्या पेट्या आल्या की तो एकेक बाटली उघडायचा, घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा. आणि मग वर येऊन ताईला काय सांगायचा, तर वाइनचं नाव सोडून सगळं.

"ताई, आज एक चिडकी बाई आलीय. लिंबू पिळल्यासारखं बोलते. तिला लोण्यातला मासा दे, गप्प बसेल."

किंवा, "हे आजोबा फार तुरट आहेत गं. जीभ आखडते. ह्यांच्यापुढे चरबीचं मटण ठेव, मग बघ कसे विरघळतात."

ताई तसं रांधायची, दोघं मिळून चव बघायची, आणि जोडी जमली की चाटू टेबलावर बोटं वाजवायचा. नावं कळली की माणूस नावाला जेवण वाढतो, चवीला नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा ताईने मुद्दाम माशाबरोबर लाल वाइन ओतली, तर पठ्ठ्याने तोंड असं केलं की भांडी घासणाऱ्या बाया हसून हसून ओट्याला टेकल्या. "कुलूप," तो म्हणाला, "ताई, तू मला परत कुलूप चाटवलंस."

चाखणाऱ्याचा पहिला धर्म म्हणजे थुंकणं. घोट तोंडात, चव डोक्यात आणि वाइन पिकदाणीत. चाटूची पिकदाणी स्टीलची, उंच, गळ्याशी निमुळती. कुणी तिला हात लावायचं नाही. ती रोज ताईच रिकामी करायची.

डॉक्टरांनी चाटूचं यकृत बिघडल्याचं सांगितलं तेव्हा त्याची बायको, ताईची भावजय, म्हणाली, बस झालं, आता घरी बसा. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पण चाटूचा चेहरा असा उतरला की ताईला राहवलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले? पोटात एक घोट जायला नको," ताई म्हणाली. "तोंडात जायला नको असं नाही म्हणाले. मी जामीन राहते. रोज पिकदाणी तुला दाखवीन. जितकं तोंडात जाईल, तितकं पिकदाणीत आलंच पाहिजे."

"तुमच्या शब्दावर सोडते हं, ताई," भावजय म्हणाली.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दुकानातून परस्पर यायची. तळघरातला वास तिला सोसायचा नाही, म्हणून ताई पिकदाणी मागच्या दारात आणायची. भावजय वाकून आत बघायची, मान हलवायची आणि भाजी घ्यायला जायची.

सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग मालकांनी मोठी मेजवानी ठरवली. पाच पदार्थ, पाच फ्रेंच वाइन, आणि बड्या बड्या धेंडांना आमंत्रण. चाटू दिवसभर तळघरात. आणि एका संध्याकाळी ताईने पिकदाणी उचलली, तर ती पिसासारखी हलकी. तळाला जेमतेम चूळभर.

ताई जिना उतरून खाली गेली. चाटू खोक्यावर बसून एका सोनेरी वाइनकडे बघत होता.

"बाकीचं कुठंय?"

तो आधी हसला. मग हसणं त्याचं त्यालाच पेललं नाही. "ही सोटर्न आहे," तो म्हणाला. ताईला त्याने वाइनचं नाव सांगितलं, ते पहिल्यांदाच. "मधासारखी. निळ्या बुरशीच्या चीजबरोबर देणार आहे. ही थुंकवत नाही गं. देवाचा प्रसाद थुंकतं का कुणी?"

"प्रसाद म्हणे. मेलास तर?"

"मेजवानीपुरतं सांभाळून घे. मग सोडतो, तुझी शपथ. हिला कळलं तर उद्यापासून मी घरी. घरी बसून काय चाखू, नळाचं पाणी?"

ताईने त्याला फैलावर घ्यायला हवं होतं. घेतलंही थोडं. पण आतून तिला वेगळीच भीती वाटत होती. चाटू गेला तर ती कुणासाठी रांधणार? त्याच्या जिभेवाचून तिला स्वतःच्या हाताची चव कळत नसे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी त्यालाही नाही.

वर येऊन तिने एक बीट किसलं, पाण्यात पिळलं, त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं आणि पिकदाणीत ओतलं. रंग हुबेहूब. भावजय आली, वाकली, मान हलवली आणि गेली.

एक दिवसाची तर गोष्ट, ताई मनाशी म्हणाली. पण खोट्याला एकदा घरात घेतलं की ते पाय पसरून बसतं. दुसऱ्या दिवशी बीट, तिसऱ्या दिवशीही बीट. भाजीवाला विचारू लागला, "ताई, हॉटेलात नुसतं बीटच वाढता की काय?" तिची नखं लाल झाली ती झालीच.

चाटूचे डोळे पिवळट दिसू लागले. मालकांसमोर चव बघताना एक बाटली बिघडलेली निघाली. भिजल्या पुठ्ठ्याचा वास ताईला लांबून आला, पण चाटू घोट घेऊन म्हणाला, "उत्तम." मालकांनी भुवई उचलली. ताईच्या मनात आलं, त्याची जीभच गेली असेल तर आपण वाचवतोय तरी काय? पण मेजवानी तोंडावर आली होती, आणि बदकाची हाडं चुलीवर उकळत होती. उद्या, ती म्हणाली. मेजवानी झाली की उद्या.

मेजवानीच्या दिवशी भावजय लवकर आली. ताई बदकाच्या रसात चमचा फिरवत होती, तोच मागून आवाज आला.

"अहो ताई, कामात आहात म्हणून मीच घेऊन आले. जिन्याच्या तोंडाशीच ठेवली होती त्यांनी." भावजयीच्या हातात पिकदाणी होती. तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसत होता. "आज तर काठोकाठ आहे. मी उगाच मेली संशय घेते त्यांच्यावर."

ताईने मागे वळून टोपलीकडे बघितलं. आजचं बीट सालीसकट तसंच पडलं होतं. तिने अजून ते हातात घेतलंच नव्हतं.

चमचा रसात बुडाला. ताई जिना उतरली की पडली, तिचं तिला कळलं नाही. चाटू खोक्यांना टेकून जमिनीवर बसला होता, सदरा पुढून काळपट लाल. तिला बघून त्याने ओठ पुसायचा प्रयत्न केला.

"ताई," तो म्हणाला, "तोंडात कुलूप आलंय. माशाबरोबर लाल दिलीस का परत?"

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. वरून भावजयीची हाक आली, मग तिची पावलं, मग पिकदाणी पायऱ्यांवरून गडगडत आली.

इस्पितळाच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. भावजयीने ताईचा हात घट्ट धरला होता. जबाबदारी वाटून घ्यावी तसा. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाहीवर डाग होता.

"पिणं कधीपासून परत सुरू झालं? खरं सांगा, आम्हाला त्यावर औषध ठरवायचंय. आधीच उशीर झालाय."

"पिणं?" भावजय म्हणाली. "एक थेंब नाही हो, डॉक्टर. मी रोज माझ्या डोळ्यांनी बघते. ताईंना विचारा. त्याच दाखवतात मला."

डॉक्टर ताईकडे वळले. ताईने आपला हात सोडवून घेतला. नखांतली लाली उजेडात स्पष्ट दिसत होती.

"रोज पितोय," ती म्हणाली. "मेजवानीच्या पेट्या आल्यापासून. ती बघायची ते बिटाचं पाणी होतं. मी ओतायचे."

डॉक्टर आत गेले, दार लागलं. भावजय थोडी पुढे वाकली, आणि ताईच्या तोंडाकडे बघत राहिली. रोज संध्याकाळी मागच्या दारात वाकून बघायची तशी, तळ दिसतो का ते.