पीठ का फुगलं?

'पीठ का फुगलं?' या प्रश्नाला भिंगरीने उत्तर लिहिलं होतं, 'त्याला कोणीतरी रागावलं म्हणून.'

तिसरीचे वाचनाचे पेपर तपासताना मी एकटीच खो खो हसले, आणि मग चिडले. उतारा बेकरीचा होता आणि त्यात वाक्य होतं, 'दोन तासांनी पीठ फुगून बसले.' आता घरात फुगून कोण बसतं? रुसलेलं माणूस! पोरीने अख्खा उतारा न अडखळता वाचला होता. भराभर वाचते, म्हणून तर वर्गात तिला भिंगरी म्हणतात. तिच्या मराठीत काही खोट नव्हती. पाव कसा करतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

पेपर मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, गेल्यावर त्यांनी भोपळा दिला आणि तिचं नाव कच्च्या गटात घातलं. कच्चा गट म्हणजे परिसराचा आणि गोष्टींचा तास बुडवून जिन्याखालच्या खोलीत रोज बाराखडी. तिथे गेलेलं मूल वर्षभर वर येत नाही, हे मी बारा वर्षं बघतेय. माझं डोकंच फिरलं.

"अहो, तिला वाचता येतं," मी म्हणाले. "माहिती नाही. आणि जिथे माहिती मिळते नेमके तेच तास तुम्ही काढून घेताय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तुमचा राग कायम नाकावर," मोठ्या बाई म्हणाल्या. "तीन आठवडे देते. विषय हाच, उतारा नवा, आणि तो मी निवडणार. नाही जमलं तर जिन्याखाली."

त्याच दुपारी भिंगरीची आई शाळेत आली. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. "बाई, साबणाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते हो ती," ती म्हणाली. "मग कच्ची कशी?"

"कच्ची नाहीच," मी ठणकावून सांगितलं. बोलून बसले खरी, पण मला एक क्षणही शंका वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचनाच्या तासाला आम्ही फक्त गहू, गिरणी आणि पाव यांच्यामागे लागलो. रोज नवं काहीतरी वाचायचं, त्यावर बोलायचं, मग पुन्हा वाचायचं. कोपऱ्यावरचे बेकरीवाले काका एका वाडग्यात पावाचं पीठ फुगवणारं खमीर घेऊन आले. कोमट पाणी आणि साखर घालून त्यांनी ते बाटलीत ओतलं, तोंडाला फुगा लावला. थोड्या वेळाने फुगा हळूच उभा राहिला आणि वर्गात एकच गलका झाला.

"हे जिवंत आहे बरं का," काका म्हणाले. "साखर खातं आणि हवा सोडतं."

"माझा भाऊपण!" कोणीतरी मागून ओरडलं. पुढची पाच मिनिटं माझ्या हातात नव्हती. भिंगरी मात्र बाटलीपासून हलेना.

तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी माझ्यासमोर तिला आपल्या खोलीत बसवून उतारा दिला. बेकरीतल्या नव्या कामगाराने घाईघाईत उकळतं पाणी खमिरात ओतलं आणि मग पीठ मळलं. दिवसभर थांबूनही ते तसूभर वर आलं नाही. का?

भिंगरीने लिहिलं, 'खमीर मेलं.'

मोठ्या बाईंनी चष्मा सावरून उतारा मोठ्याने वाचला. काय ते उच्चार, एक मात्रा इकडची तिकडे नाही! "मेलं असं यात कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"यात नाही लिहिलेलं," भिंगरी म्हणाली. "पण खमीर जिवंत असतं ना? मग उकळत्या पाण्यात मरणारच."

"असं तुला बेकरीवाल्यांनी सांगितलं?"

"नाही. आत्ता वाचताना कळलं." मग तिने अगदी काळजीने विचारलं, "तुम्हाला नाही कळलं?"

मोठ्या बाईंनी उतारा टेबलावर ठेवला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी नुसता वाचला."

कच्च्या गटाची यादी काढून त्यांनी भिंगरीचं नाव खोडलं. खाली आणखी अकरा नावं होती. त्यांवरून पेन फिरवता फिरवता त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणि यांना काय माहीत नाहीये," त्यांनी विचारलं, "ते कधी कोणी पाहिलंय?"