आत्यानं बंद केलेला कंप्युटर

आधीच सांगतो, त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं, आणि घ्यायला माझ्याकडे कारण होतं.

आमच्या कैलासवासी अप्पांचा कंप्युटर ब्याण्णव सालचा. हार्ड डिस्क चाळीस एमबीची, वजनाला विटेसारखी. तिच्यात अप्पांनी दक्षिणेत वसलेल्या आमच्या मराठी लोकांची लग्नातली गाणी टाइप करून ठेवली होती. एकशे बारा. न्हाणाची, व्याह्यांची टर उडवायची, आणि नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून म्हणायची ऊंजलची. छापलेले कागद वाळवीनं खाल्ले. दिवाळीनंतर माझ्या कीर्तीचं लग्न, आणि पोरीचा एकच हट्ट: ऊंजल आपल्याच गाण्यांवर, भाड्याच्या स्पीकरवर नाही.

डिस्क फिरतच नव्हती. जुन्या डिस्कांत वाचणारी सुई आतल्या तबकडीला चिकटून बसते. आठ दिवस मी तिच्या मागे. केस वाळवायच्या यंत्रानं शेकली, हातात धरून हिसका दिला, शिव्या दिल्या. नवरात्रातल्या नवमीच्या पहाटे एक हिसका लागू पडला आणि ती घूं करत फिरू लागली. फाइलींची यादी खराब झालेली, म्हणून अख्खी डिस्क पहिल्यापासून ओळीनं लॅपटॉपवर उतरवायला लावली. गाणी शेवटाकडे होती. सगळ्यांना बजावलं, काही झालं तरी बंद करू नका, एकदा थांबली की संपली. मग सरस्वतीपूजेची फुलं आणायला बाजारात गेलो.

परत आलो तर खोली शांत. कंप्युटरवर चंदनाची तीन बोटं, मधे कुंकू, वर शेवंती. लॅपटॉपवर साठ टक्के. शेजारी अंबुजा आत्या, अप्पांची धाकटी बहीण, वय एक्क्याऐंशी, चंदनाची वाटी घेऊन उभी.

"कुणी बंद केला?"

"मी. आज आयुधांस विसावा. तू चालूच ठेवून गेलास."

तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रूड्रायव्हर हवा होता, तर तोही सकाळी मीच पूजेत मांडलेला. चंदनासकट उचलला. डिस्क काढली, शेकली, हिसका दिला. टक्. पुन्हा दिला. टक्, टक्. नंतर तेही नाही.

"अक्कल गहाण टाकलीस का ग आत्ये? सकाळी घसा फोडून सांगितलं होतं! एक दिवस हे चंदन फासलं नसतंस तर देव रुसला असता? गेली ती गाणी! अप्पांची गाणी मारलीस तू!"

कीर्ती धावत आली. आत्यानं वाटी खाली ठेवली. मला वाटलं, घाबरली.

"कुणाची गाणी?" ती म्हणाली.

"अप्पांची!"

"त्यास एक ओळ येत नव्हती. मी सांगे, तो बोटं मारी. ह्याच खोलीत. तू तिरुचीस शिकत होतास." तिचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "मग कागद घेऊन तो मंडपात जाई. सुवासिनी वाचून म्हणत, चुकीच्या चालीत. मी मागे भाजी चिरत ऐके. बाविसाव्या वर्षी माझं कुंकू गेलं, त्यावर एक ऊंजल डोळ्यांनी पाहिलं नाही. आठ दिवस त्या डब्यास शेकतोस, हलवतोस. मज एकदा विचारलंस?"

कीर्तीनं फोन काढला. "आत्येआजी, तुज अस्की येतात? एकशे बाराही? म्हण, मी रेकॉर्ड करते."

"पोदुम्! पुरे झालं ते. आता सांगायची नाही मी कुणास." आत्या माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे नाही. "म्हणेन. मंडपात, झोपाळ्यापुढे बसून. अस्क्यांदेखत. नाहीतर जळोत माझ्याबरोबर."

रागानं माझे कान अजून तापलेले होते, पण आता तो राग कुणावर काढायचा हे कळेना. लग्नाच्या कामांची यादी भिंतीला लावलेली होती. माझ्याच अक्षरात. सातवी ओळ: ऊंजलच्या वेळी अंबुजा आत्या, कोठीची खोली. लिहिताना क्षणभरही थांबलो नव्हतो. तिथंच असते ती, म्हणून लिहिलं.

पूजेतून माझं पेन उचललं. त्यालाही चंदन लागलं होतं. नवमीला लिहायचं नसतं; लहानपणी ह्याच कारणासाठी आत्यानं माझ्या हातावर चापट मारली होती. मी यादीपाशी गेलो, सातवी ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं: झोपाळ्यापुढे.

आत्यानं पाहिलं. अडवलं नाही.