रामलिंगअप्पांचा शब्द

अहमदपूरच्या रामलिंग आचाऱ्याचा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि तो आवाज गेला. समोरच्याचं सगळं कळायचं, लुळा पडलेला उजवा हातही हळूहळू वळू लागला, पण हवा तो शब्द जिभेवर येईना. चहा मागायला जावं तर तोंडातून 'चप्पल' निघायचं. लोक हसले. अप्पांनी बोलणंच सोडलं. बायको धोंडाबाई त्यांच्या वाटचं बोलू लागली.

लातूरला वाचा-उपचार करणाऱ्या मनिषा मॅडमनी विचारलं, "अप्पा, जेवलात का?"

"जेवले की," धोंडाबाई म्हणाली.

"मावशी, मी अप्पांना विचारलं. त्यांना वेळ द्या. हा उपचार तुम्हा सगळ्यांचा आहे." मग मॅडमनी शब्द ओळखायला मांडलेले चित्रांचे पत्ते बाजूला सारले आणि मुलाला, बजरंगला सांगितलं, "यांना घरी बसवू नका. भट्टीवर न्या. रोजच्या कामात शब्द लवकर सापडतील."

घरातली रीत बदलली. टीव्ही बंद करून बोलायचं, एका वेळी एकच गोष्ट विचारायची. अप्पांनी खूण केली, बोट दाखवलं, तरी ते बोलणंच धरायचं. सून तनुजा झारा हातात देऊन नाव विचारी आणि थांबे. धोंडाबाईला थांबणं जड जाई. ती तोंडात पदर धरून बसायची.

वैशाखात उमरी गावच्या एका लग्नाच्या स्वयंपाकाचं काम आलं. अप्पा भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसले. बजरंग बुंदी पाकात सोडणार, तोच त्यांनी हात आडवा घातला.

"क... क..."

"कापड पाहिजे का? काडी?" कामावरची माणसं विचारू लागली.

"गप बसा!" धोंडाबाई कडाडली. "त्यांचं त्यांना सांगू द्या. लई घाई हाय का तुमाला?"

सगळे थांबले. अप्पांच्या कपाळाची शीर ताठली. त्यांनी थेंबभर पाक चिमटीत धरून ओढला. तार तुटली.

"कच्चा!" ते गरजले. "पाक... कच्चा हाय!"

बजरंगनंही पाक बोटांत ओढून पाहिला, जाळ वाढवला. "बरोबर हाय अप्पा! आता काय करू?"

"हलव. हलव रे!"

बुंदी अशी झाली की पंगतीतून दोनदा मागणी आली. निघताना एक पाहुणे बजरंगला म्हणाले, "आमच्या पुतणीच्या लग्नाला याल का?"

"अप्पांना विचारा," बजरंग म्हणाला.

पाहुणे वळले आणि वाट पाहत उभे राहिले. धोंडाबाईनं पदर तोंडात धरला.

"येतो की," अप्पा म्हणाले. "मी... मी येतो."