पूजेत ठेवलेला पाना

आमच्या यजमानांना दोन बाबतींत कुणी शिकवलेलं खपत नसे: देवाचं आणि गाडीचं. सेतुरामराव तंजावरच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत, पण खरा जीव मामंजींनी ठेवलेल्या त्या लांबलचक विलायती मोटारीत. कातड्याच्या गाद्या, खिडक्यांना रेशमी पडदे, फुलं खोचायला काचेची नळी. त्यांची थोरली बहीण भुवनाक्का याच गाडीतून पापनाशमला सासरी गेली होती.

अठ्ठावन्न सालची आयुधपूजा. यांनी नेहमीसारखी सगळी हत्यारं घासूनपुसून सरस्वतीपुढे मांडली. पाने, पेचकस, पक्कड, वर माझी विळीसुद्धा. दर वर्षी गाडीच्या चाकांना आणि बॉनेटला गंध लावून भागत असे. यंदा मात्र अंगात भक्ती संचारली. "ज्याच्या जिवावर चालते, त्यालाच वगळायचं कां?" म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला जागोजाग टिळे लावले आणि आंब्याच्या डहाळीनं कलशातलं पाणी सढळ हातानं शिंपडलं. मीही भाबडेपणानं कापूर ओवाळला.

आरती आटोपते न आटोपते तोच अक्कांचा मुलगा वैद्यनाथ बसनं आला आणि दारातच रडू लागला.

"मामा, अम्मा आज-उद्यांची आहे. सेतूला म्हण गाडी घेऊन ये, मला माहेरच्या घरीं ने, एवढंच बोलते."

"निघतोंच, सांग तिला," हे म्हणाले. वैद्यनाथ आल्या पावली परतला.

गाडी सुरू झाली, पण हिवताप भरल्यासारखी जागच्या जागी थरथरू लागली. ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला की आचके द्यायची आणि बंद पडायची. असल्या गाडीत आजारी माणसाला घालून आणायचं कसं? यांनी माझं लाटणं मागून घेतलं. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटले. समाधीच लागली म्हणा ना! मग निकाल दिला, "कार्बुरेटरमध्यें कचरा अडकला आहे. उघडून साफ केला कीं झालं."

उघडणार कशानं? पाने, पेचकस, अस्कं पूजेत. गावातले मोटारदुरुस्तीचे कारखाने बंद, आणि भाड्याच्या मोटारी गळ्यात हार घालून स्वस्थ उभ्या.

"उचला कीं हो," मी म्हटलं. "माणूस जातंय. सरस्वती काय रागावणार?"

"नक्को, अंबा. उद्यां पुनर्पूजा झाल्याशिवाय आयुधाला हात लावायचा नाहीं. अप्पांनी जन्मभर पाळलं. आज मीं मोडलं आणि अक्काला कांहीं झालं तर?"

"मग बसनं जा. निदान भेट तरी होईल."

"आणि बसमधनं तिला निजवून आणूं? गाडी आण म्हणते ती. रिकाम्या हातानं जाऊन तोंड काय दाखवूं?"

मला असा राग आला की मी लाटणं हिसकावून घेतलं आणि आत गेले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुनर्पूजा केली, आणि नैवेद्य उतरायच्या आत यांनी पाना उचलला. कार्बुरेटर उघडला. आत लख्ख! कचऱ्याचा कण नाही. परत बसवला, तरी गाडी तशीच थरथरत राहिली. यांचा चेहरा उतरला.

काहीतरी करायचं म्हणून मी इंजिनावरचं निर्माल्य काढू लागले. हे अंगवस्त्रानं टिळे पुसू लागले. इंजिनाच्या ठिणग्या वाटून देणाऱ्या काळ्या टोपणावर त्यांचा हात थबकला. तिथलं गंध अजून ओलं होतं, आणि तारा बसतात त्या खोबणींत कलशाचं पाणी साचलं होतं. ठिणगी त्या ओलीतून भलतीकडेच पळत होती. टोपणाचे चाप बोटांनीच सुटतात. यांनी ते आतबाहेर कोरडं पुसलं, तारा पुसल्या आणि गाडी सुरू केली.

ती एकसारखी, शांत चालू लागली. हे माझ्याकडे बघेचनात.

पापनाशमला पोचलो तेव्हा अक्कांच्या ओट्यावर माणसं जमली होती. पहाटेच गेल्या. आम्ही आल्याचं आधी कुणाला कळलंच नाही, गाडी इतकी बिनआवाज आली. वैद्यनाथ खिडकीशी येऊन म्हणाला, "रात्रभर झोपली नाहीं, मामा. लॉरी गेली तरी म्हणायची, बघ, अप्पांची गाडी आली, सेतू आला."

हे उतरले नाहीत. इंजिन बंद करायचंही भान नव्हतं. माझा राग केव्हाच विरला होता. मी आणखी दोनदा 'बसनं जा' म्हणाले असते तर, एवढंच मनात येत होतं. त्यांच्या मांडीवर ते गंधानं पिवळं झालेलं अंगवस्त्र पडलं होतं.

"अंबा," ते म्हणाले, "हें कांहीं मी पूजेत ठेवलं नव्हतं. हें काल दिवसभर माझ्या खांद्यावरच होतं."