केझाया नावाच्या दोघी

"आई, पाहुणे आले! होडीतून उतरलेसुद्धा!" जेरुशा ओरडत स्वयंपाकघरात शिरली आणि केझायाच्या हातातला डाव थेट चुलीत पडला.

"ओरडतेस काय अशी? आजी दचकेल ना," लेकीला असं दटावून केझाया स्वतःच तिच्या दुप्पट आवाजात ओरडली, "आई! अगं, ताई आली!"

आठवडाभर घराला ताळ उरला नव्हता. मक्याचं पुडिंग दोनदा करपलं होतं. केझायानं तीच खोली तीनदा झाडली होती.

ती जन्मायच्या आधीची गोष्ट. नदीकाठच्या या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या गावावर अबेनाकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळीची धाड पडली आणि सात वर्षांच्या थोरल्या केझायाला त्यांनी उत्तरेला नेलं. पुढं सुटून आलेल्या एका कैद्यानं सांगितलं, पोर वाटेतच गेली. मग पाठची मुलगी झाली तेव्हा आईबापांनी तिला तेच नाव ठेवलं. गावाची रीतच होती तशी. मेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला द्यायचं, म्हणजे नाव तरी घरात राहतं. चूक एवढीच झाली, की थोरली मेलीच नव्हती. गेल्या हिवाळ्यात कातड्यांचा एक व्यापारी निरोप घेऊन आला. थोरलीसारखाच कोपरावर लहानपणी भाजल्याचा डाग असलेली एक बाई तिकडं उत्तरेत नवऱ्यासोबत सुखानं नांदत होती आणि उन्हाळ्यात भेटायला येणार होती.

निरोप ऐकून आई हसली, रडली, पुन्हा हसली. केझायालाही आनंद झालाच, पण तो निर्भेळ नव्हता. लहानपणापासून आई तिला हाक मारायची आणि ती समोर आली की क्षणभर तिच्या मागं कुणाला तरी शोधायची. दुसरीच्या मापाचा झगा घालून आपण आयुष्यभर हिंडलो, असं तिला वाटे. आता झग्याची मालकीण आल्यावर आपण कोण?

"आज आजीनं हाक मारली तर मी ओ देणार नाही," तिनं सकाळीच जेरुशाला सांगितलं होतं. "इतकी वर्षं जिला हाक मारली, तिनंच ओ देऊ दे."

"मग तिनं तुला काय म्हणायचं?"

"स्वयंपाकीण म्हणू दे!"

आता ती टोपी न सावरता, एप्रनला हात पुसत सफरचंदाच्या बागेत धावली. झाडाखाली गाठोडं ठेवून एक बाई उभी होती, शेजारी तिचा नवरा तोमा. केझायानं तिला कडकडून मिठी मारली. त्या बाईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला, आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि खो खो हसली.

"ती म्हणते, नाक बाबाचं," तोमा अडखळत म्हणाला.

"अगंबाई! नाक आठवतं तुला?"

"नाक आठवतं. बोली गेली," तिच्या वतीनं तोमानंच उत्तर दिलं.

दोघी हसता हसता रडायला लागल्या. केझाया तिला घराकडं ओढू लागली. "चल ना आत! पिसांची गादी घातलीय तुझ्यासाठी!"

तोमानं हात हलवला. "छपराखाली तिला झोप नाही. झाड चांगलं."

"बरं बाई, झाड तर झाड! गादीच इथं आणते!"

थोरली वाकून गाठोडं सोडू लागली. तेवढ्यात काठी टेकत म्हातारी आई दारात आली. तिला आता फक्त उजेड दिसायचा, माणसं नाहीत.

"केझाया!"

धाकटीनं ओठ घट्ट मिटले. ती बहिणीकडं पाहत राहिली.

"केझाया! कुठं आहेस गं?"

थोरलीनं मान वर केली. दारातल्या म्हातारीकडं पाहिलं, मग ही हाक कुणाला म्हणून इकडंतिकडं पाहिलं. शेवटी तिची नजर धाकटीवर थांबली. तिनं तोमाला हळूच काहीतरी सांगितलं.

"ती म्हणते, म्हातारी तुला बोलावते. जात का नाहीस?"

"केझाया?" आईचा आवाज आता कापत होता.

केझायानं बहिणीचा हात हातात घेतला.

"आले, आई," ती म्हणाली.